हैतीचं कालवण

"भिमामावशी, खिचडी करपली!"

सातवीच्या वर्गातून वैष्णवी ओरडली, तेव्हा भिमाबाई शेगडीपाशी नव्हत्याच. पळी हातात घेऊन त्या वर्गाच्या खिडकीखाली उभ्या होत्या. "आगं बया!" म्हणत त्या स्वयंपाकाच्या शेडकडं पळाल्या, गॅस बंद केला, वरवरची चांगली खिचडी दुसऱ्या पातेल्यात काढली आणि पदराला हात पुसत पुन्हा खिडकीशी आल्या.

"मग सर? फडाला काडी लावली, आन् म्होरं?"

सगळा वर्ग हसला. प्रसेनजित सरही हसले. गेले चार दिवस ते जेवणाच्या सुट्टीआधीच्या तासाला हैतीची गोष्ट सांगत होते. समुद्रातलं लांबचं बेट, त्यावर फ्रेंचांचं राज्य. आफ्रिकेतून माणसं जहाजात कोंबून आणायची, बाजारात विकायची आणि मरेपर्यंत त्यांच्याकडून ऊस पिकवून घ्यायचा. साखर युरोपात जायची. सतराशे एक्क्याण्णवच्या ऑगस्टमध्ये ही माणसं उठली. त्यांनी उसाचे फड जाळले, साखरेचे घाणे मोडले. पुढं बारा-तेरा वर्षं ती लढली.

माकणीच्या अलीकडच्या या जिल्हा परिषद शाळेत भिमाबाई अकरा वर्षं पोरांची खिचडी शिजवत होत्या. त्याआधी चौदा हंगाम त्यांनी ऊस तोडला होता. इतिहासाशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, पण उसाशी होता.

"पाचट वाळलेलं असलं की फड घटकाभरात जातोय," त्या म्हणाल्या. "पर सर, एक बोलू का? काल तुम्ही पोरांस्नी सांगितलं, ऊस मधून कापत्यात. मधून कोन कापतंय? पार बुडातून, भुईला लागून."

सरांनी खडू खाली ठेवला. "मग आत या मावशी. तुम्हीच सांगा."

"म्या? न्हाय बा."

"या हो!" पोरांनी एकच गिल्ला केला.

भिमाबाई चपला बाहेर काढून आत आल्या. पळीचा कोयता करून त्यांनी वाकून ऊस कसा धरायचा, कसा छाटायचा, शेंड्याचं वाढं कसं उडवायचं, मोळी कशी बांधायची, सगळं करून दाखवलं. सुरुवातीला त्या सरांकडंच बघून बोलत होत्या. मोळीपर्यंत आल्यावर त्या मागच्या बाकावरच्या पोरांनासुद्धा "नीट बगा की रं" म्हणून दटावू लागल्या. डाव्या मनगटावरचा जुना वार त्यांनी पुढं करून दाखवला. पोरी रांगेनं येऊन त्याच्यावरून बोट फिरवून गेल्या.

आरोहीनं हात वर केला. "मावशी, मग तुम्ही का नाही फड पेटवला?"

सर मध्ये बोलणार होते. भिमाबाईंनी मान हलवून त्यांना थांबवलं.

"आमाला कुनी इकत घेतलं नव्हतं, बाय. आमी आमच्या पायानं जात हुतो." मग पळी दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "पायाला दुसरी वाट नव्हती, ती गोष्ट येगळी."

 आपलंच बोलणं भिमाबाईंना अवघड वाटलं. विषय बदलायचा म्हणून त्यांनी सरांना विचारलं, "लढाईत बाया हुत्या का न्हाय?"

"होत्या की. बंदुका घेऊन लढल्या. आणि त्याआधी मालकांच्या घरी स्वयंपाक त्याच करायच्या."

"काय रांधायच्या?"

ते काही सरांना सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते तयारीनं आले. तास सुरू व्हायच्या आधीच शेडच्या दारात उभं राहून त्यांनी मोबाइलवर वाचून दाखवलं. भोपळ्याचं सूप. फ्रेंच मालकांचं आवडतं. शिजवायचं गुलामांनी, पण प्यायचं नाही, असं तिथले लोक सांगतात. अठराशे चारच्या एक जानेवारीला नेपोलियनच्या फौजेला हरवून देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी घरोघरी तेच सूप शिजलं आणि शिजवणाऱ्यांनी प्यायलं. अजूनही दर एक जानेवारीला हैतीत तेच करतात.

भिमाबाई तांदूळ निवडायच्या थांबल्या.

"चव बी घ्यायची न्हाय?"

"नाही."

"मग मीठ कसं कळायचं वो त्यांस्नी?"



त्याच दिवशी भिमाबाई मुख्याध्यापिका गायत्री मॅडमच्या टेबलापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "एक तारखेला भोपळ्याचं कालवण करते. भात हायच. वरून कुनी तपासायला आलं तर भाजीच हाय की ती."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "सर म्हणत होते, त्यात मटणही असतं."

"मटन त्यांचं त्यांस्नी. आपन शेंगदाणं घालू."

मॅडमना हसू आवरलं नाही. परवानगी मिळाली.

बासष्ट पोरांना चार भोपळे लागणार होते. पोरांनी घरोघर दवंडी पिटल्यासारखं केलं. एकतीस तारखेपर्यंत तीन भोपळे आले, कोबी आला, गाजरं आली, कुणी नुसतीच कोथिंबीर आणली. चौथा भोपळा संध्याकाळी आला, तो आरोहीची आजी सारजाबाई हिच्या डोक्यावर.

तिला फाटकातून येताना पाहिलं आणि भिमाबाईंचा घासणीचा हात थांबला.

अकरा वर्षांपूर्वी, भिमाबाई कामाला लागल्या त्याच आठवड्यात, ही सारजाबाई अशीच फाटकातून आली होती. पंगतीत बसलेल्या आपल्या नातवाला, कृष्णराजला, दंडाला धरून उठवलं होतं. "बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं आमचं पोरगं खानार न्हाय," असं सगळ्यांसमोर म्हणाली होती. तिचं पाहून आणखी लोकांनी पोरं उठवली. महिनाभर पंगतीला चौदाच पोरं होती. मग एक दिवस कृष्णराज डबा दप्तरात ठेवून आपण होऊन खिचडीच्या रांगेत येऊन उभा राहिला आणि हळूहळू बाकीचीही आली. कुणी काही बोललं नाही. भांडण झालं नाही, मिटवामिटवीही झाली नाही. भिमाबाई मात्र तेव्हापासून पंगतीत कधी बसल्या नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर शेडमध्ये एकट्याच जेवत.

"माज्या येलाचा हाय," सारजाबाई म्हणाली. भोपळा उतरवायला तिला हात हवा होता. भिमाबाई उठल्या. दोघींनी मिळून तो खाली ठेवला.

"गोड निगंल का?" भिमाबाईंनी विचारलं.

"गोडच हाय. वाकडा हाय, पर गोड हाय."

एवढंच बोलणं झालं.

एक तारखेला सकाळपासून शाळेत अभ्यास असा झालाच नाही. सातवीनं भोपळे चिरले, सहावीनं गाजरं. भिमाबाईंनी भोपळा शिजवून घोटला, त्यात बटाटे, कोबी, शेंगदाणे टाकले, आलं-लसूण आणि हिरवी मिरची ठेचून घातली, शेवटी घरच्या शेवया मोडून सोडल्या. पळीतलं थोडं तळहातावर घेऊन त्यांनी चाखलं आणि मुठीनं अजून मीठ टाकलं. वास रस्त्यापर्यंत गेला. पोरांनी बोलावलेल्या आया-आज्या वेळेआधीच येऊन सतरंजीवर बसल्या. भोपळा पाहून नाक मुरडणारी पोरंही ताटं घेऊन पुढं सरकली.

भिमाबाईंनी वाढायला पळी उचलली, तशी वैष्णवीनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"आज वाढणार आम्ही. ज्यानं रांधलं त्यानं आधी जेवायचं. हैतीचा कायदा आहे."

"असा कायदा मी सांगितला नव्हता," प्रसेनजित सर म्हणाले.

"आम्ही केलाय सर. आज सकाळी."

"आगं, म्या मागनं जेवते. मला सवय हाय," भिमाबाई मागं सरकू लागल्या. आरोहीनं त्यांचा एक हात धरला, दुसऱ्या पोरीनं दुसरा. पंगत भरलेली होती. बसायला जागाच दिसेना. सगळे त्यांच्याकडं पाहत होते आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात सारजाबाई सतरंजीवर बूड उचलून बाजूला सरकली. शेजारची जागा तिनं हातानं झटकली.

"ये. बस हितं. म्या काय चावते व्हय?"

हशा पिकला. भिमाबाई हसल्या नाहीत. त्या पदर सावरून तिथं बसल्या. वैष्णवीनं भाताशेजारी पिवळंधमक कालवण वाढलं. वाढून घ्यायची सवय नसल्यामुळं भिमाबाईंना आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना. त्यांनी ते मांडीवर ठेवले.

गलका सुरू झाला. पोरं फुर्र फुर्र करून ओरपू लागली. त्या आवाजात सारजाबाई ताटाकडं बघत हळूच म्हणाली, "तवा म्या पोराचा दंड धरून नेला हुता."

"ध्यानात हाय."

"माज्या बी हाय."

मग दोघी जेवू लागल्या. थोड्या वेळानं सारजाबाईनं शेजारचं मिठाचं वाटकं भिमाबाईंकडं सरकवलं. भिमाबाईंनी ते परत तिच्याकडं सरकवलं. "लागत न्हाय. बराबर हाय."

गायत्री मॅडमनी दुसऱ्यांदा घेतलं. सरांच्या मिशीला पिवळा रंग लागला होता आणि पोरं त्यांना ते मुद्दाम सांगत नव्हती. वैष्णवी पातेलं घेऊन पुन्हा रांगेतून येऊ लागली. भिमाबाईंचं ताट रिकामं झालेलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढं केलं.

"वाढ अजून एक पळी," त्या म्हणाल्या, "आन् जरा बटाटा बगून घाल."