पाटीवरची शेवटची ओळ

सकाळीच कौसर मरळ मासा राखेत घोळत बसली होती. मरळ मेल्यावरही हातातून निसटायचा प्रयत्न सोडत नाही, म्हणून राख. मोताळा रस्त्यावरच्या फाट्यावर रामरावांची खानावळ होती, आणि खानावळीच्या मागच्या खोलीत, चुलीपाशी, गेली कित्येक वर्षं कौसर होती. तिने सुकं खोबरं आणि खसखस भाजायला घेतली की पुढच्या गावाचं तिकीट काढलेली माणसंही फाट्यावर उतरत. रामराव गल्ल्यावर बसून कौतुक स्वीकारत. कौसरला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. नवरा गेला तेव्हा तिच्या दिराने घराचं कुलूप बदललं होतं, आणि "माह्या चुलीवर ये, बहिणीसारखी राह्य," म्हणणारा रामराव हाच एक माणूस निघाला होता.

तिचा राग होता तो दुसऱ्याच गोष्टीवर. फाट्यावरचे बाकीचे ढाबेवाले पिंजऱ्यात पाळलेला स्वस्त पंगस मासा मरळ म्हणून खपवत. शेवटी ती ग्रामसभेत उभी राहिली.

"मासा मेला म्हून काय झालं? त्याचं नाव तरी त्याच्यापाशी राहू द्या ना!"

सर्वांत आधी टाळी वाजवली ती रामरावांनी.

प्रत्येक ढाब्यावर माशाच्या खऱ्या नावाची पाटी लावायचा ठराव मंजूर झाला. रस्त्याखालच्या मोरीच्या दुरुस्तीसाठी ठेवलेला निधी पाट्यांकडे वळवण्यात आला. मोरी वाहून गेली होती ती तशीच राहिली; पण तिच्यात पडणाऱ्याला आदल्या रात्री आपण कोणता मासा खाल्ला, हे आता नक्की कळणार होतं. मत्स्यनाम तपासणी समिती नेमली गेली. अध्यक्ष रामरावांचं रोजचं गिऱ्हाईक, पुंजाजी. समितीने फाट्यावरचा प्रत्येक मासा पंचायतीच्या खर्चाने खाऊन तपासला, आणि त्यानंतरचं औषधपाणीही त्याच खर्चात बसवलं. पाटीवर माशाचं नाव, कुठल्या पाण्यातला आणि कधीचा, एवढं असावं असं ठरलं होतं. शेवटची ओळ पुंजाजींनी सुचवली.

"रांधणाऱ्याचं नाव बी लिव्हा. पोट बिघडलं तं धराचं कोनाले?"

रामरावांनी पेंटर बोलावला. "मरळ. नळगंगा धरण. आज पहाटेची. रांधणार: कौसर." भांड्याचं पाणी फेकायच्या निमित्ताने कौसर त्या दिवशी वारंवार खानावळीला वळसा घालून पुढे आली. पाणी मागच्या दारी फेकायची तिची रीत होती.

दुपारी पुंजाजी नेहमीच्या बाकावर बसले. भाकरी चुरली, रस्सा ओतला, पहिला घास घेतला आणि समोरच्या पाटीकडे पाहिलं. हात थांबला.

"रामराव, हे कौसर म्हंजे आपली कौसरच का?"

"हाव. दुसरी कोन राह्यते?"

"मंग लिवलं काऊन?"

"तुमीच तं सांगतलं, पुंजाजी!"

"अरे बावा, माहीत राहनं येगळं, लिवनं येगळं. आता म्या वाचलं ना बे! वाचून कसा खाऊ?"

तरी ताट त्यांनी पुसून संपवलं, अन्न वाया घालवू नये म्हणून. हात धुऊन जाहीर केलं, की यापुढे या बाकावर बसणं जमायचं नाही. अंधार पडेपर्यंत सगळे बाक रिकामे झाले. आणि मागच्या दाराशी डबे घेऊन रांग लागली. डब्याला पाटी नव्हती. रांगेत पहिले पुंजाजी.

"कौसर, तर्री जरा दमानं टाक, पोरी."

असे काही दिवस गेले. एका दुपारी रस्सा पुढे पाठवून कौसर राखेच्या हातांनीच गल्ल्यापाशी आली, तर पाटीची शेवटची ओळ ओली होती. "रांधणार: गीताबाई."

गीताबाई रामरावांची बायको. गळ्यात तुळशीची माळ. वारा खानावळीकडून आला तर ती खिडकी लावून घेई.

"भाऊ, हे काय?"

रामराव गल्ला पुसत राहिले. "नुसतं नाव हाय वं. काम तुहंच, पगार तुहाच. पाह्य, मानसं कशी बसून राह्यली पुन्हा."

"गीतावहिनी तं अंडं बी फोडत न्हाई."

"तेच तं! कोनाले शंका न्हाई येत."

"ग्रामसभेत पयली टाळी तुमची होती, भाऊ."

"ते माशासाठी."

पुंजाजी समोरच जेवत होते. कौसर त्यांच्याकडे वळली. "काका, समिती तुमची. पाटी खोटी हाय का न्हाई?"

पुंजाजींनी तोंडातला काटा काढला, निरखला आणि ताटाच्या कडेला ठेवला. "मासा मरळच हाय. पानी धरनाचंच हाय. मानूस समितीच्या कक्षेत येत न्हाई."

कौसरने हातांची राख धुतली. आयुष्यात पहिल्यांदा ती खानावळीच्या पुढच्या दाराने बाहेर पडली. बाकांवरची सगळी माणसं तिला ओळखत होती. सगळ्यांना त्याच वेळी काटे लागले.

संध्याकाळी भजनी मंडळाने गीताबाईला काढून टाकलं. पाटीवर लिहिलेलं खोटं कसं असेल?

आठवडाभराने रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली एक चूल पेटली. शेजारी प्लायवूडचा तुकडा, त्यावर कोळशाने लिहिलेलं: "मरळ. नळगंगा धरण. आजची. रांधणार: कौसर." दर माफक, अट एक. पाटी मोठ्याने वाचायची, मग जेवायचं. ट्रकवाले वाचत, कंडक्टर वाचत, बाहेरगावचे हसत हसत वाचत. गावातलं कोणी रस्ता ओलांडत नव्हतं. रामरावांनी नवा आचारी आणला होता; त्याच्या रश्श्यावर समितीने शेरा मारला, "मासा सत्य, चव संशयास्पद."

मग एका दुपारी रामराव आले. उपरण्याखाली डबा होता.

"एक पार्सल दे, कौसर. घरी न्यायचं हाय."

"पाटी वाचा, भाऊ."

"मले पाठ हाय."

"मोठ्यानं."

रामरावांनी मागे पाहिलं. खानावळीच्या दारात पुंजाजी उभे होते, स्टॉपवर निम्मं गाव होतं. त्यांनी घसा साफ केला.

"मरळ," रामराव म्हणाले. "नळगंगा धरण. आजची."

पुढे त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. रश्श्याच्या वासाने तोंडाला पाणी सुटलं होतं, ते त्यांनी गिळलं. कौसरची पळी पातेल्यावर तशीच भरलेली होती, आणि तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता.

"वाचा भाऊ," ती म्हणाली. "एकच ओळ राह्यली."