काउंटीची गाडी का बंद झाली

मार्लिसला डायलिसिसला नेणारी काउंटीची, म्हणजे जिल्हा प्रशासनाची, गाडी एक जुलैपासून बंद होणार, असं पत्र आलं, तेव्हा तिचा नवरा ऑर्व्हल डीट्झ तिला म्हणाला, काही बिघडत नाही, मी नेईन. ऑर्व्हल बहात्तर वर्षांचा. आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस, हार मानणं त्याला ठाऊक नव्हतं. पण दवाखाना साठ मैलांवर. आठवड्यातून तीनदा पहाटे निघायचं, चार तास बाकावर बसायचं आणि थकलेल्या बायकोला घेऊन परत यायचं. सहाव्या आठवड्यात परतीच्या वाटेवर त्याचा डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून मक्याच्या शेतात शिरली. मार्लिसच्या कपाळाला खोक पडली, चार टाके घालावे लागले.

दुसऱ्या दिवशी तो काउंटीच्या कचेरीत गेला. खिडकीमागे टेस राडेमाकर होती, काउंटीची चिटणीस. ती शाळेत जायची तेव्हापासून तो तिला ओळखत होता. तरी त्याने तिला सगळ्यांदेखत झाडलं. तुम्हा लोकांना खुर्च्या उबवायला पैसे आहेत, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला नाहीत, असं बरंच काही तो बोलला.

टेसने सगळं ऐकून घेतलं. तिच्या शेजारची दोन टेबलं रिकामी होती; त्यांचंही काम तीच करत होती. ती बाहेर आली आणि त्याला बाकावर बसवून शेजारी बसली.

"ऑर्व्हल, तुरुंग मी बंद करू शकते का?"

"तुरुंगाचा काय संबंध?"

"राज्याचे कैदी आपल्या तुरुंगात असतात. त्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च राज्य द्यायचं. यंदाच्या अंदाजपत्रकात त्यांनी तो बंद केला. कैदी मात्र इथेच. त्यांना उपाशी ठेवता येत नाही, कायदा आहे. कोर्ट चालवायचं, निवडणुका घ्यायच्या, तोही कायदा. घरपट्टी वाढवावी म्हटलं, तर तिच्यावर राज्यानेच मर्यादा घातलेली. मग कायद्याने सांगितलेलं नाही असं माझ्याकडे उरतं काय? तुमची गाडी. आणि घरोघरी जाणारी नर्स. तीही पुढच्या महिन्यात जाईल."

"मग राजधानीतल्या त्या लोकांना कुणी काही विचारलं नाही?"

टेस म्हणाली, "फेब्रुवारीत आमदार आले होते, आठवतं? राज्याचा कर कमी करणार म्हणाले. तुम्ही उठून टाळ्या वाजवल्यात. मी तुमच्या मागेच होते. मीही वाजवल्या. कर कमी झाला तर त्या पैशांतून होणारं काम कोण करणार, असं आपल्यापैकी एकानेही विचारलं नाही."

त्या करकपातीतून परत आलेल्या पैशांतूनच ऑर्व्हलने आपल्या गाडीला नवे टायर घेतले होते आणि कॅफेत चारचौघांना अभिमानाने दाखवले होते. जाताना तो टेसला एवढंच म्हणाला, "मी चुकीच्या खिडकीवर ओरडलो, पोरी."

सप्टेंबरात राजधानीत विधिमंडळाच्या समितीपुढे सुनावणी झाली. टेस आणि ऑर्व्हल तीन तास गाडी चालवत गेले, आणखी तीन तास रांगेत बसले. ऑर्व्हलच्या वाट्याला बोलायला दोन मिनिटं आली. त्याने मार्लिसच्या टाक्यांबद्दल सांगितलं. म्हणाला, तुम्ही खर्च कमी केलेला नाही, तो फक्त आमच्या दारात आणून टाकलाय. दोन सदस्य मान खाली घालून फोन बघत होते. एका बाईंनी मात्र काहीतरी लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी राज्याने कैद्यांचा निम्मा खर्च देणं पुन्हा सुरू केलं. इतर काउंट्यांतूनही माणसं गेली होती, त्यामुळे ते कुणामुळे झालं हे सांगता येत नाही. गाडी आठवड्यातून दोन दिवस धावू लागली. तिसऱ्या दिवशी चर्चमधली माणसं पाळीपाळीने मार्लिसला नेतात. नर्सने तोवर दुसरीकडे नोकरी धरली होती. ती परत आली नाही.

आमच्या काउंटीच्या अंदाजपत्रकाची सभा दर ऑगस्टमध्ये होते. कायद्याप्रमाणे ती सर्वांना खुली असते, आणि वर्षानुवर्षं टेस ती रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवत आली. यंदा अकरा माणसं आली. ऑर्व्हल चष्मा पुसून प्रत्येक पान टेसला समजावून सांगायला लावत होता. सभा लांबली, कॉफी संपली, तरी कुणी उठलं नाही.

मित्रांनो, वर कर कमी होतो, तेव्हा खाली कुणाचं तरी काम वाढतं किंवा थांबतं. कर कमी करूच नयेत, असं नाही. पण टाळी वाजवण्याआधी एवढं विचारावं, की ही कात्री नेमकी कुठे चालणार? आपण विचारलं नाही, तर ती तिथेच चालते जिथे ओरडणारं कुणी नसतं.