पुसलेला डाग

माझ्या सुनेला एक वाईट खोड आहे: डाग दिसला की पुसू देत नाही. न्हाणीघरात गिझरच्या नळामागे भिंत तांबूस झाली. मी फडकं घेऊन पुढे झाले, तर ही आडवी. "आई, थांबा. आधी तो आला कुठून ते बघू." तेव्हापासून डाग तिथेच, घरजावयासारखा. आणि तोही माझ्या घरात, जिथे पातेल्याच्या बुडात तोंड बघून भांग पाडावा!

सून विमानतळावर विमानं तपासते. लेक तिथेच दुरुस्तीला आहे. त्याच्या हाताला वळण मी लावलंय. त्याने हात लावलेली जागा लख्खच असणार.

परवा संध्याकाळी दोघं घरी आली ती एकमेकांकडे पाठ करून. चहा निवला तरी कोणी कपाला हात लावेना.

"काय झालं?"

"काही नाही," लेक म्हणाला.

"दोन मुकी माणसं बघायला मी बसलेली नाही. बोला."

सून बोलली. इंजिनातली तापलेली हवा एका नळातून पंखाच्या पोटात जाते. नळाला जाड वेष्टण, शेजारी तारांचा जुडगा. वेष्टणावर तिला बोटाएवढा तपकिरी डाग दिसला. म्हणजे आतून जोड सुटलेला, हवा बाहेर येऊन तारा भाजत असणार. ते उघडायचं म्हणून ती साहेबांना बोलवायला गेली. परत येते तर डाग गायब! साहेब म्हणाले, तुम्हाला भास झाला. विमान उद्या जायचंय. सही करा, नाहीतर तपासणीचा शिक्का जमा करा.

"केलीस सही?"

"नाही."

"मग डाग गेला कुठे? पाय फुटले त्याला?"

लेकाने मान खाली घातली. "मळ वाटला गं. मीच पुसला."

"आणि साहेबांपुढे तोंड शिवलं होतंस?"

"सगळ्यांसमोर काय सांगू? पुसायला तूच तर शिकवलंस."

"कप पुसायला शिकवलं रे, बायकोचा शब्द पुसायला नाही! ऊठ. लाव साहेबांना फोन. माझ्यासमोर."

त्याने लावला. कान लाल झाले, पण स्पष्ट बोलला: डाग होता, मी पुसला. पलीकडून जे काही मिळालं ते त्याने उभ्याने ऐकून घेतलं.

सकाळी वेष्टण उघडलं. जोडावरचा पट्टा सैल, तारांचं आवरण करपून तडकलेलं. विमान जमिनीवरच राहिलं आणि शिक्का सुनेच्या खिशात.

इकडे तिच्या माघारी मी प्लंबर बोलावला. गिझरचा जोड आतून पाझरत होता. हे तिला सांगायची काही गरज नव्हती, डोक्यावर बसली असती.

ती दारात आली. चपला काढायच्या आतच मी तिला म्हटलं, "सूनबाई, खोड तुझी वाईटच आहे. पण मोडलीस, तर माझ्याशी गाठ आहे!"