बाह्यांपुरती जागा

टीव्हीच्या पडद्यावर शर्टाचा पुढचा भाग उमटला, मग पाठ उमटली, गळ्याची गोलाई आली, आणि बाहीची पाळी आली तसे कॉम्प्युटरने हात टेकले. पडद्याच्या तळाशी एकच ओळ लुकलुकत राहिली. जागा संपली.

"तुझ्या या यंत्राला बाह्या परवडत नाहीत वाटतं," शिंपी म्हणाला.

"हसू नका, बाबा. मेमरी कमी पडते त्याची."

शिंप्याची ही एकुलती एक लेक. लहानपणी तोंडाचा पट्टा सतत चालू, म्हणून तो तिला साळुंकी म्हणायचा. आई लवकर गेली, आत्याने वाढवलं, पोर कॉलेजात गेली. परीक्षेच्या बक्षिसादाखल मामाने टीव्हीला जोडायचा तो पाटीएवढा कॉम्प्युटर पाठवला आणि तेव्हापासून साळुंकीची चोच बंद झाली. घरी आली की टीव्हीकडे तोंड करून बसायची. बापाच्या वाट्याला फक्त तिची वेणी यायची.

कॉम्प्युटरच्या मागे एक खाच होती. तिच्यात मेमरीची जादा डबी बसवली की बाह्याच काय, कॉलर-कफसुद्धा मावतील, असं ती म्हणाली. डबी महाग होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी दोघं भाव काढायला बाहेर पडले.

शिंपी कुठलीही किंमत शर्टांच्या शिलाईत मोजायचा, त्याशिवाय त्याला ती उमगायचीच नाही. काचेच्या दारांच्या मोठ्या दुकानात डबी चाळीस शर्टांना पडत होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने स्वतः जुळवलेली तिसाला, पण गॅरंटी म्हणजे त्याचा शब्द. मासिकातल्या जाहिरातीतली पस्तिसाला, वर टपालखर्च.

काचेच्या दुकानात शिंप्याने डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. "आतली शिवण दाखवा जरा," तो विक्रेत्याला म्हणाला.

"काका, हे उघडत नाही."

"उलटून बघता येत नाही, तो माल घ्यायचा कसा?"

साळुंकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रस्त्यावर आल्यावर ती पोट धरून हसायला लागली. "आतली शिवण! बाबा, आतली शिवण!" आणि मग घर येईपर्यंत तिची टकळी थांबली नाही. कॉलेजातले सर कसे बोलतात, मैत्रीण कुणाशी भांडली, डबीत नेमकं काय असतं, सगळं सांगून झालं. शिंप्याला त्यातलं अर्धंमुर्धं कळलं, पण कान तृप्त झाले.

"मग? कुठली घ्यायची?" दारात तिने विचारलं.

"थांब जरा. उतरेल अजून."

पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. जाताना जवळचा रस्ता, येताना लांबचा, हे शिंप्याने कधी ठरवलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

आत्या मात्र वैतागली. "भाव काढताय की गावभर दवंडी पिटताय? दुकानदारांना तुमच्या चपला पाठ झाल्या असतील!" आणि साळुंकी आत गेल्यावर भावाला हळूच म्हणाली, "पैसे कधीचे जमलेत, कपाट मीच आवरते. मग अडलंय कुठं, दादा?"

"माल पारखून घ्यावा लागतो."

आत्याने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ती कामाला लागली. डबी घरात आली की सुट्टीचा दिवसही त्या पडद्याला जाणार, हे शिंप्याला पक्कं ठाऊक होतं. बोलून दाखवायला मात्र जीभ रेटत नव्हती.

एका दुपारी साळुंकी त्याच्या शिलाईच्या दुकानात चहा घेऊन आली आणि स्टुलावर टेकली. शिंप्याने कापड मधोमध दुमडलं, अर्ध्या पाठीची खडूने आखणी केली आणि कातर चालवली. घडी उलगडली तशी अख्खी पाठ समोर आली. हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. पण आज ती त्या घडीकडे अशी बघत राहिली, जणू बापाने जादू केली.

"अर्धंच आखलंत तुम्ही."

"दुसरं अर्धं काय वेगळं असतं? उगाच दोनदा कशाला आखायचं?"

ती उठली ती चपलांत पाय सरकवत पळालीच.

संध्याकाळी पडद्यावर पुरा शर्ट उभा होता, दोन्ही बाह्यांसकट. "एकच बाजू आखली, बाबा! दुसरी कॉम्प्युटरकडूनच उलटून घेतली. आता डबी नको!"

शिंप्याने जवळ जाऊन खांद्याशी बाहीचा मुंढा निरखला. नजर काढावी असा बसला होता. "झकास," तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं. मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे सुट्टीला..."

"आता कशाला तंगडतोड?"

त्याच शर्टाच्या जोरावर तिला दूरच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. ती गेली, कॉम्प्युटरही गेला. टीव्हीसमोरची खुर्ची आत्याने भिंतीला सरकवली.

सुट्टी आली. शिंप्याने इस्त्रीचा शर्ट घातला, चपला घातल्या आणि निघाला.

"काका, उतरली बरं का!" काचेच्या दुकानातला विक्रेता लांबूनच म्हणाला. एव्हाना त्यालाही शर्टांची भाषा यायला लागली होती. "अठ्ठावीस शर्ट! आज ताई नाहीत?"

"नोकरीला गेली."

"मग डबी?"

"बघतो," शिंपी म्हणाला. तो लांबच्या रस्त्याने परतला. उतरलेला भाव सांगायला त्याने वाटेत दोनदा मान वळवली, आणि दोन्ही वेळा शेजारी नुसता फुटपाथ होता.

संध्याकाळी शेजारच्या औषधाच्या दुकानात तिचा फोन आला. जेवलात का, जेवलीस का, आत्या कशी आहे, सगळं विचारून झालं.

"बाबा, आज गेला होतात?"

"कुठं?"

"भाव काढायला."

शिंप्याने औषधवाल्याकडे पाठ केली. "असाच, सहज. अठ्ठावीसवर आली."

"इथेही एक दुकान सापडलंय. मी आज एकटीच जाऊन आले. सव्वीस पडेल."

डबी तुला आता कशाला हवी, हे त्याने विचारलं नाही. "आतली शिवण बघितलीस?"

"उघडत नाही म्हणाला." ती हसली, पण ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं.

"मग घाई करू नकोस," शिंपी म्हणाला. "उतरेल अजून."

"हो. मी आले की दोघं जाऊन बघू."

तिकडे फोन ठेवल्याचा आवाज झाला. औषधवाल्याने हात पुढे केला, पण रिसीव्हर अजून शिंप्याच्या कानालाच होता.