उघाडीवरची खोटी साक्ष

मिथुनने पेणच्या खाडीत फायबरची होडी आणली. तिच्यातून फिरणारे मुंबईकर सर्वांत खूश होतात ते उघाडीपाशी. बांधातल्या या दारातून ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीआधी फळ्या टाकायच्या, एवढंच तिचं काम. पण घटकाभर आतबाहेरचं पाणी सारखं होतं, तेव्हा होडीही पार होते. परदेशी कालव्यांत होड्या पार करणारी दारं असतात, तसं मिथुन त्याला ऐटीत ‘लॉक’ म्हणतो.

ती घटका कान्हूइतकी कुणालाच कळत नसे. तीस वर्षं उघाडी त्याच्याच ताब्यात होती. म्हणून मिथुनने आपल्या या काकाला फेरीचा मान दिला, काकीलाही घेऊन या म्हणाला. हौसाने नकार दिला.

का, ते कान्हू जाणून होता. बारा वर्षांपूर्वी त्यालाच बायकोला खाडी फिरवायची लहर आली. दोघं गप्पांत रमली, उघाडी उघडी राहिली आणि उधाणाचं खारं पाणी गिरजाबाईच्या शेतात शिरलं. तीन वर्षं तिथे भात झालं नाही. गावापुढे कान्हूने खुशाल सांगितलं, मी जाळं टाकायला गेलो होतो, फळ्या टाकायला हिला बसवलं होतं, ही विसरली. हौसा गप्प राहिली. नवरीपणापासून तिच्या जोडीने लावणी करणारी गिरजाबाई मात्र तिच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. गेल्या माघात ती वारली.

“चल गो,” कान्हू म्हणाला. “होडीत बसायच्या आदी समद्यांना सांगतो, चूक माजी व्हती.”

हौसाने वाल सोलता सोलता वर पाहिलं. “गिरजा दवाखान्यात व्हती. मना बगून तिनं तोंड फिरवलं. तुमी दारात उबे व्हतात. तवा सांगायचं व्हतं.”

कान्हू एकटाच उघाडीवर गेला आणि जमलेल्या गावकऱ्यांना सगळं सांगून मोकळा झाला. त्यांतले गावचे म्हातारे दाजी हसले. म्हणाले, “तवा दोन शिव्या दिल्या असत्या, आनी काय? जा, बस होडीत.”

दोन शिव्या. तेवढ्या चुकवायला आपण हौसाची जिवाभावाची मैत्रीण घालवली, हे कान्हूला त्या हसण्यात कळलं. होडी त्याच्यावाचून निघाली. घरी कुठल्या तोंडाने जावं, ते त्याला सुचेना.