तात्यासाहेबांच्या तळव्यावरचं कमळ

पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत सकाळपासून रांग लागली होती. रांग कशाची, तर माझ्या सासऱ्यांच्या पायांची! तात्यासाहेब खुर्चीवर बसलेले, चपला शेजारी काढून ठेवलेल्या, पाय परातीत, आणि दोन्ही तळव्यांवर लालसर कमळ उमटलेलं. गोंदलेलं नाही, रंगवलेलं नाही. धुतलं तरी जात नव्हतं.

"माय गं! पाकळी न् पाकळी मोजून घ्या," शेजारच्या साळूबाई म्हणाल्या. "लई पुण्यवान घर हाय तुमचं, दीपमाला!"

मी शाळेत विज्ञान शिकवते. मला हसू आवरेना. पण परातीशेजारी बिडकीनहून आलेले पद्मानंद महाराज बसले होते.

"हे पद्मचिन्ह!" महाराज गरजले. "शंभर जन्मांची कमाई! देह आहे, देहभान नाही. बघायचंय?" त्यांनी झोळीतून टाचणी काढली आणि खच्चकन तात्यासाहेबांच्या टाचेत टोचली. रक्ताचा थेंब आला. तात्यासाहेब आपले हसतायत.

"दुखलं का?"

"नाय बा. काईच कळलं नाय."

एकच जयजयकार झाला. महाराजांनी हुकूम सोडला, "मलमपट्टी करायची नाही. हळदीच्या पाण्यानं पाय धुवायचे. आणि या चपला नव्हेत, पादुका आहेत. दिवसभर पायात ठेवा. मध्ये काढल्या तर कमळ पुसट झालं, बघितलंत ना? देव रुसतो."

माझ्या नवऱ्यानं, इंद्रजीतनं, मला बाजूला घेतलं. "सगळी गल्ली पाया पडतीय. तू पण वाक ना एकदा. त्यांना बरं वाटंल."

"त्या भोंदूच्या नाटकात? मेले तरी नाही!" असं म्हणून मी शाळेत निघून गेले. पुढं आठवडाभर मी घरात फणकाऱ्यानंच वावरत होते.

एका सकाळी झाडताना न्हाणीच्या दारातल्या त्या चपला उचलल्या आणि नाकाला पदर लावला. कुजल्यासारखा वास येत होता. चपलेच्या आत, तळव्याच्या जागी, कडक प्लास्टिकचं उठावदार कमळ होतं. उजव्या चपलेतली एक पाकळी तुटलेली. मी तशीच जाऊन तात्यासाहेबांपुढं बसले आणि त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला. कमळातली तीच पाकळी उमटली नव्हती. अंगठ्याखाली, हळदीच्या थराआड, खोल जखम होती. अंगठा काळा पडत चाललेला.

'अ‍ॅक्युप्रेशर'च्या त्या चपला त्यांच्या वाढदिवसाला मीच प्रदर्शनातून आणल्या होत्या. कमळाची नक्षी आवडली म्हणून.

तसंच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉ. आफरीननं तात्यासाहेबांना डोळे मिटायला लावून तळव्याला बारीक नायलॉनचा तंतू टेकवला. "चाचा, कुछ लगा?"

"कुटं काय लावलं?"

"शुगरनं पायाच्या नसा बधिर झाल्यात," ती मला म्हणाली. "नक्षी दिवसभर रुतते, जखम होते, तरी यांना कळत नाही. दुखलं असतं तर पहिल्याच दिवशी चपला फेकल्या असत्या ना!"

दुसऱ्या दिवशी महाराज आले तेव्हा मी डावी चप्पल धुऊन रांगेसमोर ठेवली आणि तिच्यावर तळहात सगळा भार टाकून दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं. हात उचलला तर तळहातावर कमळ.

"महाराज, मला पण पद्मचिन्ह आलं," मी म्हणाले. "आता टाचणी टोचा बघू!"

महाराजांनी झोळी उचलली. "व्हय की वो, चपलेचीच नक्षी हाय ही!" साळूबाई ओरडल्या. तो लबाड पहिल्या दिवसापासून चपला का काढू देत नव्हता, ते सगळ्यांना कळलं.

अंगठा मात्र काढावा लागला. दवाखान्यात तात्यासाहेब मला म्हणाले, "समदे पाया पडले, तू नाय पडलीस. लई वाईट वाटलं व्हतं."

मला तोंड वर करवेना. बाकीचे डोळे मिटून वाकले होते. माझे डोळे उघडे होते, शुगर किती आहे तेही ठाऊक होतं, पण शहाणपणाच्या तोऱ्यात मी वाकलेच नाही. पहिल्या दिवशी तो पाय नीट बघितला असता तर अंगठा वाचला असता.

तुमच्या घरात शुगरचं माणूस असेल तर त्याचा तळवा रोज हातात घेऊन बघा. जखम आहे आणि ते म्हणतंय 'दुखत नाही', तर तो चमत्कार नव्हे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.