फळीवरचे दोन काटे

मुलाने बोटाच्या पेराने दाबाच्या काट्याच्या काचेवर दोनदा टकटक केलं. काटा शून्यावर होता. टकटकीनंतरही शून्यावरच राहिला.

"एक पूर्णांक एक दशांश," तो इंजिनाच्या आवाजावर ओरडला.

"झकास," विमानात बसलेले बाबा म्हणाले.

विमान म्हणजे शेडमधला एक सांगाडा. पंख अजून भिंतीला टेकवून ठेवलेले. बाबा ते अकरा वर्षं बांधत होते. इंजिन रोटरी: पिस्टनऐवजी आत एक तिकोनी रोटर गरगरतो आणि त्याच्याभोवती पाणी खेळवून ते थंड ठेवावं लागतं. इंजिन तापलं की पाण्याचा दाब चढायला हवा. हे कळावं म्हणून फळीवर दोन काटे बसवले होते. तापमानाचा काटा ब्याऐंशीवर, अगदी खुशाल. कारण आतलं सील फाटून पाणी निघून जात होतं आणि सेन्सर नुसत्या वाफेत लटकला होता. घर जळत असताना दारात उभं राहून "आमचं सगळं मजेत" सांगणाऱ्या नातेवाइकासारखा.

तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं, की नजरेचा मधला भाग आता परत यायचा नाही. बाबांनी डॉक्टरांचे आभार मानले. मग घरी येऊन दाराला धडकले, दाराची माफी मागितली आणि बोलणं बंद केलं. बोलायचे ते फक्त इंजिन चालू असताना. म्हणून मुलगा रोज त्यांच्या आधी येऊन गुपचूप पाणी भरायचा आणि मग दहा मिनिटं खोटं वाचायचा. आई स्टुलावर बसून आकडे वहीत लिहायची.

त्या दिवशी इंजिन बंद केल्यावरही बाबा बोलले. रविवारी उडायचं, म्हणाले. पंख शनिवारी लावू.

"तू मागच्या सीटवर," ते मुलाला म्हणाले. "हात माझे, डोळे तुझे. आकडे सांगत राहा म्हणजे झालं."

मुलाने आईकडे पाहिलं. तिने 'रविवार' असं वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

बाबा हात पुसायचं फडकं शोधायला भिंतीच्या कडेने चाचपडत गेले, तेव्हा मुलाने वही ओढून घेतली. आपण काय काय वाचलं ते एकदा बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं. वहीत एक पूर्णांक एक दशांश कुठेच नव्हतं. आजचा दाब शून्य. कालचा शून्य. आईच्या गोल अक्षरात तीन महिन्यांचे शून्य एकाखाली एक उभे होते.

"मला इथून काटा दिसतो," आई म्हणाली. "माझे डोळे बरे आहेत."

"बाबांना हे..."

"रोज संध्याकाळी वाचून दाखवते. वही आणून हातात देतात ना."

मुलाला बसायला जागा हवी होती. तो पाण्याच्या कॅनवर बसला. कॅन रिकामा होता, तो चेपला.

"मग रविवारचं काय काढलंय त्यांनी?"

आईने पेन्सिलीचं टोक बोटावर घासून पाहिलं.

"त्यांच्याच्याने हे सगळं बंद होत नाहीये," ती म्हणाली. "कुणीतरी नको म्हणावं म्हणून रविवार काढलाय."

शनिवारी पंख लावायच्या आधी बाबांनी इंजिन पुन्हा चालू केलं. दहा मिनिटं झाली.

"दाब?"

मुलाने या वेळी काचेवर टकटक केली नाही.

"शून्य."

विमानाच्या नाकावरचा पंखा गरगरत होता. बाबांनी मान किंचित त्याच्याकडे वळवली, तो असावा त्या बाजूला.

"आणि तापमान?"

"ब्याऐंशी."

"उत्तम," बाबा म्हणाले आणि इंजिन बंद केलं.

पंखा थांबेपर्यंत तिघंही त्याच्याकडे तोंड करून होते. मग बाबांनी चष्मा काढला, घडी करून डबीत ठेवला आणि सांगाड्याबाहेर हात पुढे केला. त्या बाजूला कुणीच उभं नव्हतं. मुलगा वळसा घालून येईपर्यंत तो हात तसाच होता.